डोळे जुन्नरचे

देवाचे डोळे शेवटी काढायचे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. अंग रंगवून झालं, दागिने झाले, मागची प्रभावळ झाली, की चितारी अंघोळ करून येतो, गाव जमतं, नारळ फुटतो आणि मग बारीक कुंचल्यानं बुबुळं भरायची. तोवर ती नुसती रंगवलेली भिंत. तिच्यापुढं लोक विड्या ओढतात, तिला पाठ टेकून बसतात. बुबुळ भरलं की तीच माणसं विडी विझवून उठून उभी राहतात. दोन थेंब काळ्या रंगानं माणसाच्या वागण्यात एवढा फरक पडतो, हे आयुष्यभर जवळून पाहिलं. त्यामुळं देवावरचा माझा विश्वास थोडा कमी झाला आणि डोळ्यांवरचा वाढला.

संपादकांनी ‘आपल्या कलाजीवनाविषयी’ लिहायला सांगितलं आहे. कलाजीवन मोठ्या शहरातल्या मंडळींना असतं. माझं जुन्नरच्या पेठेत दुकान होतं. देवळांच्या भिंती, पालख्या, नाटकांचे पडदे, मोहरमचे ताबूत, दुकानांच्या पाट्या, जे कोणी सांगेल ते मी रंगवत असे. एका श्रीमंत गृहस्थांनी स्वतःची तसबीर काढून घेताना मला शांतपणे सांगितलं होतं, “चेहरा जमला नाही तरी चालेल, पगडी जमली पाहिजे.” पगडी उत्तम जमली. लोकांनी तसबीर लगेच ओळखली.

डोळ्यांचं एक गुपित सांगून टाकतो. आता दुकान बंद झालं आहे. सपाट भिंतीवरच्या चित्रात बुबुळ डोळ्याच्या बरोबर मध्यावर ठेवलं, की ते चित्र समोरून बघा, डावीकडून बघा, कोपऱ्यात जाऊन बघा, ते तुमच्याकडंच बघतं. यात दैवी काही नाही. ज्याला शेंदूर फासता येतो अशा कुणालाही हे करता येईल. लोणीला एका देवळाच्या सभामंडपात मी असा मारुती काढला. काही दिवसांनी तिथले पाटील दुकानात येऊन बसले.

“मास्तर, मारुती लई झकास झाला. पर त्यो आमच्याकडंच बघतो राव.”

“देव आहे, पाटील. बघणारच.”

“बघू दे की. पर पत्त्यात कशाला बघतो? हातच खेळवंना.”

मंडपाच्या कोपऱ्यात दुपारी त्यांचा पत्त्यांचा डाव बसत असे. पाटलांचा शब्द मोडवेना म्हणून मी जाऊन बुबुळं जरा बाजूला सरकवली. मग मारुती विहिरीकडं बघू लागला, आणि तिथं पाणी भरणाऱ्या बायकांनी पाटलीणबाईंकडं गाऱ्हाणं नेलं. पाटलीणबाईंचा निरोप पाटलांच्या निरोपापेक्षा कडक होता. बुबुळं पुन्हा मध्यावर आली आणि पत्ते देवळाबाहेर गेले. लोणीत माझ्या हातून झालेली समाजसुधारणा ती एवढीच.

पण आज लिहायला बसलो आहे ते दुसऱ्या डोळ्यांबद्दल.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. प्लेग येऊन-जाऊन असायचा. घोडेगावहून भीमाशंकरकडं जाणाऱ्या वाटेवर, शिनोलीच्या अलीकडं, एका मिशननं रक्तपितीच्या, म्हणजे कुष्ठाच्या, रोग्यांसाठी घरं बांधली होती. चार पडव्या, एक विहीर आणि मध्ये प्रार्थनेची खोली. आता तिथं काही उरलेलं नाही. ते चालवणारे पादरीसाहेब उत्तर युरोपातल्या कुठल्याशा नदीकाठच्या गावचे. आपण इंग्रज नाही, हे ते पहिल्याच भेटीत सांगत. आमच्या लेखी सगळे गोरे सारखेच, हे आम्ही त्यांना सांगत नसू. मराठी ते पुस्तकातून शिकले होते.

“चित्रकार महाशय, आसन ग्रहण करावे,” ते मला म्हणाले. मी बाकावर बसलो.

त्यांनी पेटीतून एक छापील चित्र काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. त्यांच्या लहानपणीच्या देवळात चारशे वर्षांपूर्वीचं एक मोठं लाकडी चित्र होतं, त्याची ती प्रत. क्रुसावर मेलेला त्यांचा देव. मी त्याआधी विलायती देवांची चित्रं पाहिली होती. गोरे, गुळगुळीत, न्हाव्याकडून नुकतेच आल्यासारखे. हा तसा नव्हता. अंग हिरवट पडलेलं, बोटं वाकडी झालेली, आणि कपाळापासून पायापर्यंत फोड.

“हा देव आहे की रोगी?” मी विचारलं.

“उभय,” पादरीसाहेब म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्या काळी त्यांच्या मुलखात नासक्या धान्यामुळं एक रोग व्हायचा. अंगाची आग होई, बोटं काळी पडून गळत. घरचे अशा माणसाला बाहेर काढत. त्यांना ठेवून घेणारे मठ होते. आलेल्या रोग्याला औषधाच्या आधी त्या चित्रासमोर नेऊन बसवत. त्यानं बघावं की आपल्याला झालं आहे ते यालाही झालेलं आहे. बाकी उपचार नंतर. तसंच एक चित्र त्यांना इथल्या प्रार्थनेच्या खोलीसाठी माझ्याकडून हवं होतं.

तोवर मी पुष्कळ देव रंगवले होते. आमचे देव सदा सोळा वर्षांचे. त्यांना रोग होत नाही, म्हातारपण येत नाही. मूर्तीचा टवका उडाला तर तिला आम्ही खंडित म्हणतो आणि नदीत सोडतो. खंडित देवच मुद्दाम रंगवणारा चितारी मला पहिल्यांदाच भेटत होता, आणि तोही मरून चारशे वर्षं झालेला.

त्या लोकांची कामाची रीत पादरीसाहेबांनी समजावली तेव्हा मात्र मला परकं वाटलं नाही. ओक नावाच्या त्यांच्याकडच्या झाडाच्या फळ्या जोडायच्या, त्यांच्यावर सरस आणि खडूचा लेप हातावर हात द्यायचा, हस्तिदंतासारखा गुळगुळीत घासायचा, मागं सोन्याचा वर्ख, आणि जवसाच्या तेलात घोटलेले रंग पातळ-पातळ चढवायचे. त्या चित्रांना दारंही असत. रोजच्या दिवशी दारं लावलेली, त्यांच्यावर राखी रंगातली साधी चित्रं. सणाला दारं उघडायची. आमच्या चित्राला दारं करायची राहिली. ती असती, तर पुढचा घोळ दार लोटून मिटला असता.

ओक नव्हता, तिथं साग घेतला. वर्ख घोटायला जुन्नरच्या कागदीवाड्यातले चाँदमिया आले. त्यांच्या घराण्यात हातकागद करायचे आणि तो अकीकाच्या दगडानं घोटून चमकवायचे. गिरणीचा कागद आल्यापासून त्यांचा दगड बराचसा रिकामाच असे.

“तुमच्यात चित्र चालत नाही ना, चाँदमिया?” मी विचारलं.

“मी कुटं चित्र काढतुया? मी सोनं घोटतुया. त्या सोन्याम्होरं कोन उभं ऱ्हातंय ते तुमी आन तुमचा सायेब बघा.”

आणि खरंच, शेवटपर्यंत त्यांनी मधल्या आकृतीकडं मान वळवून पाहिलं नाही. पण त्यांच्या घोटाईत संध्याकाळी खोलीतला दिवा दिसत असे.

फोड मात्र मला येईनात. छापील चित्र बारीक होतं. पादरीसाहेब म्हणाले, “बाहेर पाहावे.” बाहेर पडवीत माणसं बसलेली होती. सुरुवातीला मी लांबून बघत होतो. मग तिथलीच एक बाई म्हणाली, “भाऊ, लांबून काय दिसतंय? जवळ या. आमी काय चावत न्हाई.”

ही ठकूबाई. मढ गावची. तिच्या हाताची बोटं आखडली होती, ते तिथं सगळ्यांचंच होतं. तिचं वेगळं होतं ते डोळ्यांचं. या रोगात काहींच्या पापण्यांचं बळ जातं. डोळा मिटत नाही. झोपेतही नाही. ती ओलं फडकं डोळ्यांवर टाकून निजत असे. मी हातातल्या कागदावर तिचा दंड उतरवत होतो तेव्हा तिनं आपण होऊन सांगितलं.

“घरच्यांनी रोगापायी न्हाई काडलं मला. रोग त्यांनी लपिवला व्हता. पर मी रातीची डोळं उघडं ठिवून निजाया लागले, तवा सासू भ्याली. म्हनली, ही निजत न्हाई, बघत बसती. हिच्यात काय तरी शिरलंय. मंग माझा मालक मला हितं सोडून गेला. वाटंनं एक डाव बी माझ्याकडं बघितलं न्हाई त्यानं.”

“मग आता?”

“आता काय? हितं बी माझ्याम्होरच्या खाटंवर कुनी निजत न्हाई. कूस पालटून निजत्यात. त्यांची काय चूक? डोळं उघडं असलेलं मढं कुनाला बगवतंय?”

हे ती हसत म्हणाली. हसली तरी डोळे मिटले नाहीत. मी मान खाली घालून तिच्या दंडावरचा चट्टा उतरवत राहिलो.

उन्हाळ्यात पादरीसाहेब प्रकृतीसाठी थंड हवेला गेले. मी काम संपवत आणलं. फोड झाले, जखमा झाल्या, कुशीतला भाल्याचा घाव झाला. आता फक्त डोळे. छापील चित्रात डोळे मिटलेले होते. ते मला दिसत होतं, मी आंधळा नव्हतो. पण मी त्याचा अर्थ माझ्या धंद्यानुसार लावला. मला वाटलं, त्या जुन्या चिताऱ्यानंही डोळे शेवटालाच ठेवले असणार, आणि ते उघडण्याआधीच कुणी घाईनं नक्कल उतरवून घेतली असणार. छापणारे लोक घाईचेच असतात. पडवीतली माणसंही रोज येऊन विचारत होती, “भाऊ, डोळं राह्यलं की! कवा उघडताय?” त्यांच्या गावात त्यांनी डोळे उघडायचा दिवस पाहिलेला होता. मिटल्या डोळ्यांच्या देवासमोर ती माणसं विड्या ओढत होती, यावरून चित्र अपुरं आहे हे उघडच होतं.

मी विहिरीवर अंघोळ केली. सगळे जमले. नारळ कुणीतरी पैदा केला होता. मी बुबुळं भरली, सवयीनं, बरोबर मध्यावर. विड्या विझल्या. मग ठकूबाई पुढं आली, डावीकडं गेली, उजवीकडं गेली, मागच्या दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, “हितनं बी बघतोय.”

मग जवळ येऊन कुशीतल्या घावाकडं वाकड्या बोटानं दाखवत तिनं विचारलं, “ह्यो मेलाय ना?”

“मेला आहे.”

“मेलाय, तरी याचं डोळं मिटलं न्हाईत?”

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही.

“माज्यावानी हाय,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती दुपारची चित्रासमोर बसू लागली. पडवीतल्या बायकांना त्यातून काय वाटलं कोण जाणे, पण तिच्या समोरच्या खाटेवर एक म्हातारी निजायला लागली, तिच्याकडं तोंड करून.

पादरीसाहेब परत आले आणि चित्र पाहून खाली बसले. “महाशय, हा मृत आहे,” ते म्हणाले. मी माझा हिशेब सांगितला. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम मी पुरं करून दिलं, हे ऐकून त्यांना हसू आलं, आणि त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. बदलायचं की नाही हे त्यांनी ठरवलं नाही. पण मिशनचे वरिष्ठ साहेब अनावरणाला यायचे होते, आणि ते आधी एक दिवस येऊन पाहून गेले.

हे गृहस्थ चालत कमी आणि मिरवत जास्त. त्यांच्या पुढं एक शिपाई, मागं छत्रीवाला, आणि छत्रीच्या सावलीत ते, ढगाळ दिवशी. त्यांनी चित्र पाहिलं, नाक रुमालानं पुसलं आणि इंग्रजीत पुष्कळ बोलले. मला समजलं ते असं : फोड त्यांना पसंत नव्हते, पण पादरीसाहेबांनी जुनं चित्र पुढं धरल्यावर ते गप्प झाले. डोळे मात्र त्यांना मुळीच चालणार नव्हते. हे क्रुसावरच्या प्रभूचं चित्र नाही, देवळातल्या मूर्तीसारखं टक लावून बघतंय, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हती. फोडांना चारशे वर्षांचा आधार होता. डोळ्यांना नव्हता. डोळे जुन्नरचे होते.

“मिटवावे लागतील,” पादरीसाहेब मला म्हणाले. ‘लागतील’ या शब्दापाशी ते अडखळले. एरवी त्यांचं व्याकरण पक्कं असे.

ही बातमी पडवीत गेली. मी पापण्यांचा रंग कालवायला बसलो तेव्हा ठकूबाई दारात उभी होती. तिचा उजवा डोळा हल्ली पांढुरका दिसत होता. न मिटणारा डोळा धुळीनं, उन्हानं सुकत जातो आणि एक दिवस विझतो. मिशनच्या डॉक्टरांनी तिला ते सांगितलेलं होतं.

“भाऊ, मला दिसतंय तवर तरी ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली.

“माझ्या हातात नाही, बाई.”

“तुमच्याच हातात हाय की कुंचला.”

मी रंग कालवत राहिलो. ती दारातून हलली नाही. “बरं, मिटवा. पर त्या मोठ्या सायबाला एक इचारा. याचं मिटत्यात, तर माझं का मिटत न्हाईत?”

ती गेली. चाँदमिया वर्खाचे निघालेले कोपरे बसवायला आलेले होते. त्यांची पाठ माझ्याकडंच होती.

“पापन्या तेलात करनार का डिंकात?” त्यांनी विचारलं.

वाचकांना सांगायला हवं. तेलाचा रंग वाळला की कायमचा. डिंकाचा रंग पाण्यानं निघतो. चित्राला वार्निश देऊन झालं होतं; वार्निशावर तो धरत नाही, पण आधी कांद्याचा रस चोळला तर बरा धरतो, आणि लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. शिपाई आणि छत्री घेऊन येणारे नेहमी लांबूनच बघतात.

“डिंकात,” मी म्हणालो.

चाँदमियांनी मागं न बघता डिंकाची वाटी माझ्याकडं सरकवली.

अनावरण थाटात झालं. वरिष्ठांनी भाषण केलं, मिटलेल्या पापण्यांतली शांती हा त्या भाषणाचा मुख्य विषय होता. रोग्यांना पडवीतूनच ऐकायला सांगितलं होतं. ठकूबाई पडवीतही नव्हती. तिनं त्या खोलीत येणं सोडलं. पडवीतले लोक चित्रासमोर पुन्हा विड्या ओढू लागले, असं मला नंतर कळलं.

पाऊस ऐन भरात असताना पादरीसाहेबांचा माणूस पेठेत आला, चिखलानं मांड्यांपर्यंत भरलेला. निरोप एवढाच होता : डोळे उघडायला या, लवकर या. वरिष्ठांना विचारलं का, असं मी त्याला विचारलं. “सायेब म्हनलं, त्यांना मागनं सांगू,” तो म्हणाला. मी चाँदमियांना घेऊन निघालो, पण मधल्या नद्या दुथडी भरल्या होत्या. वाट बंद. पाणी ओसरेपर्यंत मी आणि चाँदमिया नुसते आभाळाकडं बघत बसलो. या धंद्यात मी पुष्कळ कामं उशिरा दिली, लोकांची बोलणी खाल्ली आणि विसरलो. त्या उशिराला मला कुणी एक शब्द बोललं नाही. तो तेवढा विसरलेलो नाही.

पोचलो तेव्हा पादरीसाहेब दारातच होते. “आता कुंचला कुठून सुरू करणार?” ते म्हणाले.

“कुंचला नको. एक भांडं पाणी आणि मऊ फडकं द्या.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जवळ जाऊन नखानं पापणीची कड दाखवली. “आपणांस आरंभापासून...?” एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “साहेब, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. काय टिकेल काय नाही, सांगता येत नाही.”

एक गोष्ट मी हट्टानं करून घेतली. सगळ्यांना आत बोलवा आणि त्यांच्यासमोर पुसू, असं मी म्हणालो. दार लावून पुसलं असतं तर सकाळी देवानं डोळे उघडल्याची बातमी भीमाशंकरपर्यंत गेली असती, आणि पुढं शिनोलीला जत्रा भरली असती. चमत्कार फार लवकर होतात, ते टाळायला माणसं जमवावी लागतात. पादरीसाहेबांनी स्वतः पाण्याचं भांडं धरलं. सगळ्यांनी पाहिलं की हा रंग आहे, हे पाणी आहे आणि हे फडकं आहे.

पापण्या निघाल्या. खाली वार्निशाखाली बुबुळं होती तशी होती. एका म्हाताऱ्यानं हातातली विडी विझवली.

मग बायकांनी ठकूबाईला पुढं आणलं. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीनं तिचा दंड धरला होता. ठकूबाईचे दोन्ही डोळे उघडे होते आणि दोन्ही पांढरे झाले होते. ती फळीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, पण जरा वाकडी, एका बाजूला. कुणी तिला सरळ केलं नाही.

“उघडलं का, भाऊ?”

“उघडले.”

“बघतोय?”

“बघतोय.”

“कुनाकडं?”

चाँदमिया सोन्याच्या कडेला पाठ करून उभे होते. पादरीसाहेबांच्या हातातल्या भांड्यात पापण्यांचं गढूळ पाणी हलत होतं. मी ठकूबाईच्या मागं जाऊन, तिच्या खांद्यावरून, ती उभी होती तिथूनच नीट पाहून घेतलं.

“तुमच्याकडं,” मी म्हणालो.

देवादिकांच्या बाबतीत मी आयुष्यात फारसं काही छातीठोकपणे सांगितलेलं नाही. पण बुबुळं बरोबर मध्यावर होती.